दिवस मावळल्यावरची गोळी

आक्का, परवा प्रयोगशाळेत मी मुलांना गूळ कालवायला लावला. एवढं शिकून शेवटी गुळाचं पाणीच करायचं होतं तर घरी काय वाईट होतं, असं तू नक्की म्हणाली असतीस. पण तुझी लेक आता हेच करते. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून दरवर्षी हा एक प्रयोग माझ्या पद्धतीने करून घेते. पुस्तकात साखर सांगितली आहे. मी शाहूपुरीतून गूळ आणते, कारण गूळव्यापाऱ्याची मुलगी आहे आणि साखर विकत घेताना अजूनही आण्णा कुठून तरी बघताहेत असं वाटतं. गुळाच्या कोमट पाण्यात जिवाणूंचं थोडं खाद्य घालायचं, त्यात दातांवरून खरवडलेला जरासा मळ, आणि त्या पाण्यात काचपट्ट्या उभ्या करून ठेवायच्या. दोन-तीन दिवस उबेत राहिल्यावर पट्टी काढून नळाखाली धरायची. गढूळ पाणी वाहून जातं आणि काच स्वच्छ दिसते. मुलांना वाटतं झालं, निघून गेलं सगळं. मग मी त्यावर जांभळा रंग ओतायला सांगते आणि पुन्हा धुवायला लावते. रंग निघत नाही. काचेला एक पातळ थर घट्ट धरून बसलेला असतो, तो सगळाच्या सगळा जांभळा होतो.

त्या थराला आम्ही बायोफिल्म म्हणतो. तुला सांगायचं तर, न घासलेल्या हंड्याला आतून बुळबुळ धरते ना, ती. ती नुसती घाण नसते, वस्ती असते. दातांवरच्या वस्तीत जे पहिल्यांदा येऊन बसतात त्यांचं नाव स्ट्रेप्टोकोकस. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकापुढे एक ओवल्यासारखे दिसतात. मी शिकत असताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तुझी जपमाळ आठवली होती, आणि मी दुसरीला जागा देऊन बाहेर जाऊन उभी राहिले होते. गोड मिळालं की हे जीव त्याचा डिंक करतात. त्या डिंकाने दाताला चिकटतात, एकमेकांना चिकटतात, आणि मग त्याच्याच आत राहतात. औषध आलं की वरचे आणि सुटे असतात ते मरतात. आतले अंग चोरून, खाणं-वाढणं जवळजवळ थांबवून बसतात. औषध थांबलं की पुन्हा वाढायला लागतात. मी हे सांगत असताना एका मुलीने विचारलं, म्हणजे मॅडम, पेशंटला बरं वाटत असतं तेव्हा ते फक्त लपलेले असतात का. मी हो म्हटलं. पुढचं शिकवायचं होतं, पण मी पट्ट्या ठेवून द्यायला सांगितल्या आणि माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. इतकी वर्षं मी हा प्रयोग करून घेते, असं कधी झालं नव्हतं. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलते आहे, म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

शुक्रवार पेठेतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. मागच्या दारी आड आहे. तू पाणी शेंदतेस, हंड्याच्या तोंडावर दुहेरी घडीचं जाडं पांढरं फडकं धरतेस आणि त्यातून पाणी गाळतेस. गाळून झालं की बाकीच्या बायका फडकं झटकून वाळत टाकतील, तू तसं करत नाहीस. फडकं उलटं करून त्यावरून गाळलेलं पाणी सोडतेस, ते पोहऱ्यात धरतेस, आणि पोहरा सावकाश आडातल्या पाण्यापर्यंत नेऊन मगच तिरका करतेस. त्या पाण्यातले जीव त्या पाण्यातच परत गेले पाहिजेत, आणि वरून आपटून मरता कामा नयेत. मी आडाच्या कठड्यावर वाकून बघते. मला काहीच दिसत नाही. आक्का, यात कुठं काय आहे, असं मी म्हणते, आणि तू दोर ओढता ओढता म्हणतेस, "दिसत न्हाई म्हणजे न्हाईच व्हय?"

आता माझं काम बघ. त्याच न दिसणाऱ्यांना मी गूळ घालून वाढवते, रंगवते, मोजते, आणि काम झालं की ऑटोक्लेव्ह म्हणजे आमच्या मोठ्या कुकरमध्ये कोंडून वाफेवर मारून टाकते. तू ज्यांना परत घरी पोचवायचीस त्यांना मी रोज उकडते. पहिल्या नोकरीत हे काम करताना माझे हात थबकायचे. सोबतच्या बाईंना वाटायचं मला वाफेची भीती वाटते. मी त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला.

दिवस मावळला की आपल्या जैन घरात तोंड बंद. थंडीच्या दिवसांत दुपारची भांडी वाळतात न वाळतात तोवर तू पुन्हा चुलीपुढे. आण्णा मार्केटात सौदा अर्धा टाकून, कुणाला तरी काटा बघायला सांगून, स्कूटर दामटत जेवायला यायचे. गल्लीतले आपल्याला हसायचे की यांच्याकडे चहाच्या वेळेला जेवण. आण्णांनी आणि मी तसा कडक नियम घेतला नव्हता, तुझ्या धाकाने पाळायचो. तू मात्र लग्नाच्या आधीच गुरूंपुढे उभी राहून नियम घेतला होतास, की सूर्य मावळल्यावर अन्न, पाणी, औषध काही नाही. माझ्या जन्माच्या वेळी कळा सुरू असताना तू पाणी नाकारलंस, ही गोष्ट आजी मोठ्या अभिमानाने सांगायची, आणि तू मात्र कौतुक सुरू झालं की उठून आत जायचीस. उपवासाच्या दिवशी तर तू दातही घासायची नाहीस, कारण तोंडात पाण्याचा थेंब जायला नको. एरवी राखुंडी, तीही घाईघाईत. तुझ्या भाकरीच्या तुकड्यावर कधीकधी तांबूस डाग दिसायचा. मी विचारलं की म्हणायचीस, म्हातारी झाले की गं. चाळिशीसुद्धा आली नव्हती तुझी.

मी तुझ्या उपवासांना दोष द्यायला बसलेली नाही. चार दिवस दात न घासल्याने कुणी मरत नाही. आपल्या गल्लीतल्या तेवढेच उपवास केलेल्या म्हाताऱ्या ऐंशीच्या घरात शेंगदाणे फोडून खात होत्या. तुझं दुखणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. लहानपणी तुझा घसा धरायचा, मग गुडघे सुजायचे, मग मनगटं, आणि माहेरी सगळे म्हणायचे वाढतं अंग आहे. ते काम याच घराण्यातल्या दुसऱ्या स्ट्रेप्टोकोकसचं. तो घशात येतो, आणि त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयावर वार करून बसतं. घसा बरा झाला, गुडघे बरे झाले, हृदयाची एक झडप मात्र कायमची खरबरीत होऊन राहिली. मी पोटात होते तेव्हा तुला तपासताना गल्लीतल्या डॉक्टरांना ती ऐकू आली. त्यांनी सांगितलं होतं की दातांना जपा, हिरड्या चांगल्या ठेवा, दात काढायची वेळ आली तर आधी माझ्याकडे या. तू ते हसण्यावारी नेलंस. दाताचा आणि काळजाचा काय संबंध, म्हणून तू तो सगळ्या गल्लीला विनोद करून सांगितलास, आणि मीही शाळेत सांगितला. आम्हाला खरंच तो विनोद वाटला होता.

संबंध होता आक्का. सुजलेल्या हिरडीतून, दात काढायची गरजही नाही, नुसती भाकरी चावली तरी त्या दातावरच्या वस्तीतले चार जण रक्तात जातात. चांगल्या हृदयातून ते वाहून जातात आणि शरीर त्यांना निस्तरतं. तुझ्या हृदयात त्यांना बसायला खरबरीत जागा मिळाली. दातावर जे करतात तेच त्यांनी झडपेवर केलं. चिकटले, थर धरला आणि आत राहिले.

त्या वर्षी मी बारावीला होते, सायन्सला, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. दशलक्षणाच्या दहा दिवसांत तू उपवास केलेस. मागची दाढ ठणकत होती, तू लवंग धरून बसायचीस, तीही उपवास नसेल त्या दिवशी. पुढे नवरात्राच्या सुमाराला तुला संध्याकाळचा ताप यायला लागला. फार नाही, अंग कोमट आणि डोळे जड. तू कामं सोडली नाहीस, फक्त आडाजवळच्या पायरीवर मधेच बसायला लागलीस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप गेला. गोळ्या संपल्या, आठवड्याने ताप आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा गेला. दर वेळी ताप उतरला की आपण सुटलो म्हणायचो. दिवाळीला तू करंज्या केल्यास त्या बसून केल्यास, आणि तुझ्या ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या.

डॉक्टरांना आपल्या लोकांची रीत माहीत होती. ते शक्यतो दिवसातून दोनदाचीच औषधं द्यायचे. दिवाळीनंतर ताप परत आला, त्या खेपेच्या गोळ्या मात्र तीन वेळच्या होत्या, सारख्या अंतराने. तू काय केलंस, तर तिन्ही गोळ्या उजेडात बसवल्यास. सकाळी उठल्यावर, जेवताना आणि दिवस मावळायच्या आत. मग पुढची सकाळ होईपर्यंत काही नाही. मला ते कळलं आणि माझं डोकं फिरलं. औषधाचं रक्तातलं प्रमाण रात्रभर टिकलं पाहिजे, नाहीतर जंतू पुन्हा डोकं वर काढतात, हे मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. ताप का परत येतो याचं उत्तर आपल्याला सापडलं, डॉक्टरांना नाही सापडलं, मला सापडलं, अशी माझी खात्री झाली.

मी तुझ्या मागे लागले. समजावून सांगितलं, चित्र काढून दाखवलं, आण्णांना मध्ये घातलं. आण्णा म्हणाले, तिचा नियम तिचा आहे, मी कोण सांगणार. मग मी जेवण सोडलं. दोन दिवस तुझ्यासमोर पाट मांडून बसायचे आणि ताटाला हात लावायचे नाही. तुझ्याच शाळेत शिकलेली युक्ती. दुसऱ्या संध्याकाळी दिवस मावळला होता, दिवा लागला होता, तू जात्याजवळच्या भिंतीला टेकून बसली होतीस, अंग तापलेलं. मी गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन तुझ्यासमोर उभी राहिले. तू मान फिरवलीस. आणि मी म्हटलं, आक्का, तुला नियम महत्त्वाचा की मी.

तू माझ्याकडे बघितलंस. रागावली नाहीस. रागावली असतीस तर मला बरं झालं असतं. तू म्हणालीस, "असलं इचारायचं नसतं गं आईला."

मग तू हात पुढे केलास. गोळी जिभेवर ठेवलीस, पाणी प्यायलीस, पूर्ण ग्लास, आणि पदराने तोंड पुसलंस. मी जिंकले होते. मी आनंदाने जेवायला बसले आणि तूच मला वाढलंस. झोपायच्या आधी एवढंच म्हणालीस, की बरं वाटलं की बाहुबलीच्या तीर्थाला जाऊन तिथल्या साध्वींपुढे, माताजींपुढे, हे सांगायचं आणि प्रायश्चित्त घ्यायचं. मी म्हटलं, चल, मी येते सोबत. त्यानंतर त्या गोळ्या संपेपर्यंत तू रोज संध्याकाळी ग्लास घेतलास. तो ग्लास तू वेगळा ठेवत होतीस, फळीच्या कडेला पालथा.

ताप गेला. या वेळी जास्त दिवस गेला. मी घरभर नाचत होते, बघा, मी म्हटलं नव्हतं का. तरी डॉक्टरांना चैन पडेना. तुझ्या छातीवर नळी ठेवून ते फार वेळ ऐकत राहायचे. त्यांनी रक्त घेऊन तपासायला पाठवलं, त्यात कुठले जंतू वाढतात का बघायला. काही दिवसांनी ते स्वतः घरी आले आणि बाहेरच्या सोप्यात बसून म्हणाले, "रक्तात काय बी वाढलं न्हाई बघा." आणखी काहीतरी सांगत होते, पुन्हा तपासू, मिरजेला दाखवून घेऊ, पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. आण्णा म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. तू गुळाचा शिरा केलास आणि बस्तीत, आपल्या मंदिरात नेऊन सगळ्यांना वाटलास. येताना भेटेल त्याला सांगत आलीस की माझ्या रक्तात एकसुद्धा जीव सापडला नाही. आपल्या लोकांना याहून मोठी शुद्धी ती कुठली. पाण्यातले जीव जपणाऱ्या बाईच्या रक्तात काही नाही, म्हणून म्हाताऱ्या बायकांनी तुझे हात हातात घेतले. इतकी खूश मी तुला फार कमी वेळा पाहिली आहे.

आता मी हेच शिकवते. गोळ्या घेतलेल्या माणसाचं रक्त तपासलं तर त्यात काही वाढत नाही. सुटे फिरणारे मेलेले असतात. वस्ती झडपेवर शाबूत असते, ती काही सुईत येत नाही. त्या कोऱ्या उत्तरावर आपण शिरा वाटला.

त्यानंतर बाहुबलीला जायचं तुझ्या मनात घोळत होतं. पण पायऱ्या चढायला दम लागत होता, आणि प्रायश्चित्त घ्यायला जायचं तर डोंगर पायानेच चढून, असं तुझं म्हणणं. जरा ताकद येऊ दे म्हणालीस. मकर संक्रांत जवळ आली होती. एका सकाळी तू पाणी गाळत होतीस. मी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसले होते. फडकं उलटं करायला घेतलंस आणि ते तुझ्या हातातून गळालं. तू ते उचलायला वाकलीस आणि उजवा हात पुढे जाईना. तू हाताकडे बघत राहिलीस, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखं. मग मला हाक मारायला तोंड उघडलंस आणि नुसता आवाज आला. शब्द नव्हता. तू पुन्हा प्रयत्न केलास, पुन्हा तेच, आणि मग तुझ्या डोळ्यांत भीती आली. मी तुला कशालाही भ्यालेली त्याआधी पाहिली नव्हती.

मिरजेच्या दवाखान्यात पडद्यावर तुझं हृदय दाखवलं. झडपेच्या टोकाला काहीतरी चिकटलेलं होतं आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ते हलत होतं. त्यातलाच तुकडा सुटून मेंदूत गेला होता, बोलण्याच्या जागी. तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी आण्णांना बाजूला बसवून नीट समजावलं, की याला नसेतून भारी मात्रेत, आठवडेच्या आठवडे औषध लागतं, कारण हे आत दडून बसतात. गोळ्यांनी हे होण्यासारखं नव्हतं. मी शेजारी उभी होते. मी विचारलं, रात्रीची गोळी चुकवली नसती तर. ते म्हणाले, नाही बाळ, दिवसा घे, रात्री घे, गोळ्यांचं हे कामच नव्हतं. ते मला धीर द्यायला बोलले होते. माझ्यावर चूक येऊ नये म्हणून. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत की त्यांनी माझ्या हातून काय काढून घेतलं.

औषध बाटलीतून थेंब थेंब जात होतं, दिवसा आणि दिवस मावळल्यावरही. खिडकीतला उजेड गेला की तू त्या बाटलीकडे बघायचीस, मग माझ्याकडे. तुला काय म्हणायचं होतं ते मला आजवर कळलेलं नाही. चालेल म्हणत होतीस, की काढ म्हणत होतीस, की काहीच म्हणत नव्हतीस आणि नुसती माझ्याकडे बघत होतीस. णमोकार म्हणायला तू ओठ हलवायचीस. पहिलं अक्षर यायचं, "ण", आणि पुढे येत नसे. जन्मभर जो मंत्र श्वासासारखा म्हटलास तो नेमका हवा तेव्हा तुला सापडेना. तू पुन्हा सुरुवात करायचीस, पुन्हा अडायचीस, आणि डाव्या हाताने अंथरूण मुठीत धरायचीस. मग मी तुझ्या कानाशी वाकून म्हणायला लागले. णमो अरिहंताणं. तुझे डोळे मिटायचे. माझा आवाज बसला, मग आण्णा म्हणायचे, मग पुन्हा मी. शेवटी तू गेलीस तेव्हा मीच म्हणत होते, आणि तिसऱ्या ओळीला तू गेलीस. मी पुढच्या ओळी पूर्ण केल्या. अर्धवट सोडलेलं तुला आवडायचं नाही.

मला सगळ्यात जास्त काय तोडतं ते सांगते. तू गेलीस हे तर आहेच. पण तू मरतानाही नियमात मरणारी बाई होतीस. तेवढ्या एका गोष्टीवर तुझा जीव होता, दागिन्यावर नाही, घरावर नाही. ती एक गोष्ट तू माझ्यासाठी सोडलीस, आणि ती फुकट गेली. त्या गोळीने तुला एक दिवस जास्त दिला नाही. गोळी घेतली असतीस किंवा नसतीस, झडपेवरची वस्ती तशीच राहिली असती. पुढे मी शिकायला गेले आणि वर्गात पहिल्यांदा बायोफिल्मचा धडा झाला, तेव्हा बाकीच्या मुली परीक्षेसाठी टिपणं काढत होत्या आणि मी तो ग्लास बघत होते. प्रायश्चित्त राहून गेलं. तुझ्या बदली मी घेऊ का, असं मी बाहुबलीला जाऊन एका माताजींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ज्याचं कर्म त्याचं, बाळ, दुसऱ्याला उचलता येत नाही. हे मला माहीत होतं. तूच शिकवलं होतंस. तरी विचारून बघितलं.

आण्णाही गेले. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, फक्त त्यानंतर घरात कुणी संध्याकाळी पाणी मागितलं की ते उठून बाहेर जायचे. आड आता बुजवला आहे, त्यावर शेजाऱ्यांची मोटार उभी असते. माझं वय तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त झालं आहे. तू आज भेटलीस तर मी तुला धाकटी बहीण समजेन.

आणि तू भेटणार कशी. आपल्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. इतरांचं बरं असतं, त्यांचे गेलेले वर्षातून एकदा तरी जेवायला येतात. आपला जीव देह सोडला की त्याच क्षणी दुसरीकडे जन्म घेतो, मागचं सगळं पुसून. म्हणजे मी तुझे पाय चोळत बसले होते आणि रडत होते तेव्हा तू कुठेतरी कुणाची तरी तान्ही होतीस. आता तू कुणीतरी मोठी झालेली आहेस, तुझी आई वेगळी आहे, आणि मी तुला ठाऊकही नाही. मग हे कुणाला लिहिते आहे मी? हे पाठवायला जगात पत्ताच नाही. आपल्याच धर्माने तो ठेवलेला नाही.

आज क्षमावाणी आहे, आक्का. सकाळी बस्तीत गेले होते. लहानांचे, मोठ्यांचे, ज्यांच्याशी वर्षभर बोललेही नाही त्यांचेही हात हातात घेऊन उत्तम क्षमा म्हणाले. मग कॉलेजात आले, आणि कुकर लावायच्या आधी त्या काचपट्ट्यांवरच्या जिवांनाही मनातल्या मनात हात जोडले. या दिवशी क्षमा मागताना कुणालाच वगळायचं नसतं. मग तुझीही मागावी म्हणून हे लिहायला घेतलं होतं. दोनदा ते वाक्य लिहिलं आणि दोनदा खोडलं. क्षमा मागायची म्हणजे नुसते हात जोडायचे नाहीत, पुन्हा असं करणार नाही हे मनाशी पक्कं करायचं, नाहीतर ती क्षमा खोटी, असं तू सांगायचीस. म्हणून मला ती मागता येत नाही. मला आज सगळं कळतं, त्या गोळीचा कवडीचा उपयोग नव्हता हे इतरांपेक्षा जास्त कळतं. तरी तू पुन्हा तशी भिंतीला टेकून तापलेली बसलीस, तर मी पुन्हा ग्लास भरून तुझ्यासमोर उभी राहीन, आणि आईला विचारायचं नसतं तेच विचारीन.